फ्रेंच अभिजात कादंबरीतल्या मुली, त्यांची लग्ने आणि घराण्याची पत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्झाक, फ्लोबेर, मोपासाँ, झोला यांच्या कादंबऱ्या अनुवादातून वाचणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. वाचक प्रेमाचा धागा धरून वाचत जातो आणि हुंड्याचे, व्याजाचे, वारशाचे आकडे आले की पान उलटतो. कादंबरीकाराने मात्र गोष्टीची गाठ नेमकी त्या आकड्यांत मारलेली असते. पुढील उत्तरांत काही कथानकांचे शेवट उघड झाले आहेत. त्याला इलाज नाही, कारण लग्नाचा हिशोब बहुधा शेवटच्या पानांवरच पुरा होतो.

१. लग्नाच्या गोष्टी सगळ्याच भाषांत असतात. मग फ्रेंच कादंबरीत मुलीच्या लग्नाला इतके वजन का?

कारण त्या समाजात मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचा सर्वांत मोठा प्रसंग लग्नाचा होता आणि १७८९ नंतर या व्यवहाराचे नियमच बदलले. जुन्या राजवटीत सरदार घराण्यांची इस्टेट मुख्यतः थोरल्या मुलाकडे जात असे. क्रांतीने थोरलेपणाचा हा हक्क मोडला आणि १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने सर्व औरस मुलांना, मुलींनाही, सारखा वारसा दिला. त्यामुळे घरात तीन मुली असणे म्हणजे इस्टेटीचे तुकडे होणे आणि शेजारच्या एकुलत्या एक मुलीशी मुलाचे लग्न लावणे म्हणजे इस्टेट दुप्पट होणे. त्यातच क्रांती, साम्राज्य आणि १८१४-१५ मध्ये परतलेले बूर्बों राजे अशा लागोपाठ उलथापालथींमुळे जुने सरदार, नेपोलियनने केलेले नवे सरदार आणि धान्य, कर्जरोखे किंवा सैन्याचा पुरवठा यांवर गबर झालेले व्यापारी शेजारी शेजारी येऊन बसले. एकाकडे नाव होते, दुसऱ्याकडे नाणे, आणि या दोघांची सांगड घालायला मुलीच्या लग्नाइतके सोयीचे साधन नव्हते.

२. 'दॉत' म्हणजे आपला हुंडाच ना?

जवळचा शब्द तोच आहे, पण दोन्ही एकच मानले तर पुढे घोटाळा होतो. 'दॉत' मुलीच्या घरून येत असे आणि लग्न ठरण्याची ती मुख्य अट असे, इतपत साम्य खरे. फरक असा की ती उघडपणे, नोटरीसमोर, लेखी करारात नोंदली जाई आणि करार कसा केला आहे त्यावर ती कोणाच्या ताब्यात राहणार हे ठरे. एका पद्धतीत नवरा-बायकोची सामाईक मिळकत तयार होई. दुसऱ्या पद्धतीत, जी दक्षिण फ्रान्समध्ये अधिक रूढ होती, दॉत नवऱ्याने सांभाळायची पण विकायची नाही, असे बंधन असे. म्हणजे कायद्याच्या अंगाने पाहिले तर हुंडा आणि स्त्रीधन यांच्या मधली ही गोष्ट आहे. कपडे, चादरी, टेबलक्लॉथ वगैरे मुलीबरोबर जाणारे सामान निराळे. त्याला आपल्याकडचा रुखवत हा शब्द बराच जवळ जातो. वराकडून वधूला येणारी दागिने, लेस आणि शालींची भेटही होती, तिला 'कॉर्बेय' म्हणजे परडी म्हणत. या परडीत काय काय आले याची चर्चा पॅरिसच्या दिवाणखान्यांत दिवसेंदिवस चाले.

३. आकडे वाचून काहीच बोध होत नाही. आठ लाख फ्रँक म्हणजे आजचे किती रुपये?

असा गुणाकार करू नये, त्यातून दिशाभूलच होते. कादंबरीतल्याच दुसऱ्या आकड्याशी तुलना करावी. बाल्झाकच्या 'ल पेर गोरिओ' (१८३५) मध्ये रास्तिन्याकचे खेड्यातले घराणे वर्षाला तीन हजार फ्रँकच्या उत्पन्नावर जगते आणि त्यातले बाराशे पॅरिसला शिकणाऱ्या मुलाला पाठवते. मोपासाँच्या 'हार' या कथेत, जी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून वाचली आहे, छत्तीस हजारांचे कर्ज उभे करून फेडताना सरकारी कारकुनाच्या संसाराची दहा वर्षे जातात, आणि त्यातले अठरा हजार तर त्याला वडिलांकडूनच मिळालेले असतात. अशी पट्टी हाताशी असली की आठ लाखांची दॉत किती मोठी ते आपोआप कळते.

आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. 'इतक्या लिव्रांची (लिव्र म्हणजे फ्रँकच्या आधीचे चलन) रांत' असे म्हटले की तो आकडा भांडवलाचा नसून वार्षिक उत्पन्नाचा असतो. सरकारी रोख्यांवर साधारण पाच टक्के धरले तर भांडवल त्याच्या वीसपट होते. लाक्लोच्या 'ले लिएझों दांजरझ' (१७८२) या पत्ररूप कादंबरीतल्या पंधरा वर्षांच्या सेसिलची रांत साठ हजार लिव्रांची आहे, असे वाचल्यावर तो गेरकूर नावाचा सरदार तिला न पाहताच का होकार देतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

४. प्रत्येक लग्नात नोटरी कशाला लागतो?

आपल्या डोळ्यांसमोर नोटरी म्हटले की कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारे गृहस्थ येतात. फ्रान्सचा नोटरी तसा नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाचे सर्व कागद सांभाळणारा, इस्टेटीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. करारावर सह्या होण्याची संध्याकाळ नातेवाइकांच्या साक्षीने साजरी होई. आपल्याकडे याद्या करताना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकेक कलम मोठ्याने वाचून घेतात, त्याच जातीचा हा प्रसंग.

बाल्झाकने 'विवाहाचा करार' (१८३५) ही अख्खी कादंबरीच या बैठकीभोवती रचली आहे. स्थळ बॉर्दो. वराच्या बाजूने म्हातारा मातियास आणि वधूच्या बाजूने तरणाबांड सोलोने असे दोन नोटरी समोरासमोर बसतात. वधूला बापाकडून मिळालेले धन तिच्या आईने ऐशआरामात उडवलेले असते आणि त्याचा हिशोब कोणी मागू नये म्हणून तिची धडपड चाललेली असते. मातियास ते ओळखतो आणि इस्टेटीचा मोठा भाग वंशपरंपरागत न विकण्याच्या अटीत बांधून टाकतो. या प्रसंगात तलवारबाजीच्या चार कादंबऱ्यांइतका थरार आहे, हे माझे मत. कंटाळा आल्याची पत्रेही मला आली आहेत.

५. मुली लग्नाआधी कॉन्व्हेंटमध्येच का असतात? त्या जोगिणी होणार असतात का?

बहुतेक जणी नाही. चांगल्या घरातल्या मुलीला सहा-सात वर्षांची असताना ननांच्या शाळेत ठेवायचे आणि स्थळ ठरले की थेट बाहेर आणायचे, अशी रीत होती. हेतू दोन : शिकवण आणि राखण. परिणाम मात्र असा होई की मुलीला पुरुष म्हणजे काय याची काडीचीही कल्पना नसे. सेसिलच्या पहिल्याच पत्रात याचा नमुना आहे. ती नुकतीच घरी परतली आहे, आपले लग्न ठरत असल्याची तिला कुणकुण लागलेली आहे. आईच्या खोलीत काळ्या पोशाखातला एक गृहस्थ दिसतो, तो वाकून नमस्कार करतो आणि तिच्यासमोर गुडघे टेकतो. ही घाबरून किंचाळते आणि मग कळते की तो बुटांचे माप घ्यायला आलेला चांभार आहे. वाचक येथे हसतो. चारशे पाने उलटल्यावर त्या हसण्याची लाज वाटते.

कायमची जोगीण करण्याचा प्रकारही होता, आणि त्यामागे बहुधा पैसाच असे. मठालाही दॉत द्यावी लागे, पण ती लग्नाच्या दॉतीपेक्षा पुष्कळ कमी. दिदरोच्या 'ला रलिजियझ' मधल्या सुझानला तिच्या दोन बहिणींची लग्ने उजवल्यावर मठात ढकलतात आणि पुढे तिला कळते की ती आईच्या चुकीची खूण आहे. १७९० मध्ये क्रांतिकारी सरकारने मठातल्या शपथांची कायदेशीर मान्यताच काढून घेतली. तरी सवय सुटली नाही. बाल्झाकच्या 'दोन नववधूंच्या आठवणी' मधली लुईझ द शोलिय राजघराणे परतल्यानंतरच्या काळातली आहे, आणि तिच्या वाट्याचे धन भावांच्या कामी यावे म्हणून घरच्यांनी तिला मठात ठेवलेले असते.

६. मुलीची संमती कायद्याने लागत होती का?

लागत होती. संमतीशिवाय लग्नच नाही, असे संहितेचे कलम होते. पण मुलीला पंधराव्या वर्षी लग्न करता येई आणि एकविसाव्या वर्षापर्यंत पालकांची परवानगी अनिवार्य होती. मुलांसाठी ही वये अठरा आणि पंचवीस होती. त्यानंतरही मोकळीक नव्हती. नोटरीमार्फत आईबापांना 'आदरपूर्वक विनंती' बजावावी लागे, आणि मुलगी पंचविशीच्या आत असेल तर महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन वेळा. आईबाप नाही म्हणाले तर लग्न अडत नसे, पण गावभर बोभाटा होई, आणि तेच त्या कलमाचे खरे काम होते.

प्रत्यक्षात संमती कशी घेत, याचे सर्वांत सुंदर चित्र फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' (१८५७) मध्ये आहे. शार्ल बोव्हारी शेतकरी रुओला त्याची मुलगी मागायला येतो आणि शब्दच फुटत नाहीत. म्हातारा सांगतो : मी घरात जाऊन तिला विचारतो, होकार असेल तर खिडकीची झडप भिंतीवर आपटेपर्यंत उघडीन, तू कुंपणापलीकडून बघ. शार्ल अर्धा तास उभा राहतो, मग घड्याळात आणखी एकोणीस मिनिटे मोजतो, आणि एकदम झडप भिंतीवर आदळल्याचा आवाज येतो. आत बाप-लेकीत काय बोलणे झाले ते फ्लोबेर आपल्याला कधीच सांगत नाही. ही एकोणपन्नास मिनिटे एम्मा काय म्हणत होती? या एका प्रश्नावर आमच्या वाचनगटात एक पूर्ण संध्याकाळ गेली. रुओचे गणित मात्र लेखकाने स्वच्छ मांडले आहे : मुलगा तसा किरकोळ आहे, पण सरळ आहे, काटकसरी आहे, आणि दॉतीवरून फार घासाघीस करणार नाही, इकडे गवंड्याचे आणि खोगीरवाल्याचे देणे थकले आहे, जमीनही विकावी लागणार आहे.

७. मुलींना सारखा वारसा होता, तर त्या कफल्लक कशा राहतात?

कायदा फक्त मृत्यूनंतर उरलेल्या मालमत्तेचे वाटे पाडतो. जिवंतपणी ती गायब करण्याचे मार्ग अनेक होते. 'ल पेर गोरिओ' मधल्या खाणावळीत राहणारी व्हिक्तोरीन तायफेर पाहा. तिचा बाप कोट्यधीश आहे, पण त्याला सर्व धन मुलालाच द्यायचे आहे, म्हणून त्याने मालमत्तेचे रूप बदलून ठेवले आहे आणि मुलीला ओळख द्यायलाही तो तयार नाही. त्याच खाणावळीतला व्होत्रां मग रास्तिन्याकपुढे सौदा ठेवतो : त्या भावाला द्वंद्वयुद्धात मारायची व्यवस्था मी करतो, वारस म्हणून ही मुलगी उरेल, तू तिच्याशी लग्न कर आणि दहा लाखांच्या दॉतीतले दोन लाख मला दे. गुन्हेगाराच्या तोंडी घातलेला हा वारसा कायद्याचा धडा फार चोख आहे.

शिवाय संहितेनेच बापाला काही हिस्सा मर्जीने देण्याची मुभा ठेवली होती : एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर तिसरा भाग, तीन किंवा अधिक असतील तर चौथा.

८. दॉत अजिबातच नसेल तर मुलीचे काय होई?

चार वाटा होत्या : उतारवयाचा नवरा, खालच्या पायरीचा नवरा, घोडनवरी होऊन भावाच्या घरी राहणे, किंवा फसवणूक. 'हार' कथेच्या पहिल्याच परिच्छेदात मातिल्दकडे दॉत नाही आणि 'एस्पेरांस' नाहीत, असे म्हटले आहे. या शब्दाचा साधा अर्थ 'आशा'. लग्नाच्या बाजारात मात्र त्याचा अर्थ 'कोणी म्हातारा नातेवाईक मेल्यावर मिळू शकणारे धन' असा होता. अनुवादात तो बहुधा नुसता 'आशा' म्हणून येतो आणि वाक्याचा दंश नाहीसा होतो.

फसवणुकीचा कळस झोलाच्या 'पो-बुय' (१८८२) मध्ये आहे. मादाम जोसराँला दोन उपवर मुली, ऑर्तांस आणि बेर्त. गाडीभाड्याचे पैसे वाचवायला त्या पार्टीहून चिखल तुडवत घरी येतात आणि वाटेभर आई मुलींना झापत असते की आजही एक स्थळ हातचे गेले. बाप रात्र रात्र जागून पत्रकांवर घालायच्या कागदी पट्ट्यांवर पत्ते लिहितो, हजाराला तीन फ्रँक, आणि ते पैसे मुलींच्या फितींत जातात. अखेर बेर्तसाठी पन्नास हजारांची दॉत कबूल केली जाते, जी कोणाकडेच नाही. पुढे काय होते ते कादंबरीतच वाचावे.

मोलिएरच्या 'कंजूष' नाटकातला (१६६८) आर्पागों मुलगी अशा म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ज्याला दॉत नको आहे. कोणी कितीही समजावले तरी त्याचे उत्तर एकच : 'दॉतीविना!' याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' रचले, त्यामुळे हा गृहस्थ मराठी रंगभूमीला परका नाही.

९. सरदाराने व्यापाऱ्याची मुलगी केलेली चालते, पण सरदाराच्या मुलीने व्यापारी केला तर आकाश कोसळते. असे का?

कारण बायकोला नवऱ्याची पायरी मिळते, नवऱ्याला बायकोची मिळत नाही. शेवया विकणाऱ्याची मुलगी काउंटशी लग्न करून काउंटेस होते आणि तिची मुले सरदार होतात. उलट, सरदाराची मुलगी कापड-दुकानदाराच्या घरी गेली की तिची मुले दुकानदारच राहणार. पहिल्या प्रकारासाठी जुन्या सरदारांत एक झोंबणारा वाक्प्रचार होता : चांगल्यातल्या चांगल्या जमिनीलाही कधीतरी खत घालावे लागते. मुलासाठी श्रीमंत कर-मक्तेदाराची मुलगी सून म्हणून आणल्यावर मादाम द ग्रीन्याँने असे म्हटल्याचे सांगतात. सुनेला खत म्हणणाऱ्या या बाई प्रसिद्ध पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये यांची लेक.

दुसऱ्या प्रकारावर बाल्झाकची 'सोचा नाच' ही लघुकादंबरी (१८३०) आवर्जून वाचावी. एमिली द फोंतेनने ठरवले आहे की नवरा करीन तर फ्रान्सचा पीअर, म्हणजे वरिष्ठ सभागृहातला सरदार. नाचात भेटलेला मॅक्सिमिलियाँ लाँगव्हिल तिला मनापासून आवडतो, पण तो दुकानात कापड विकताना दिसताच ती त्याला झिडकारते. पुढे ती आपल्या म्हाताऱ्या आरमारी काकाशी लग्न करते. दोन वर्षांनी पत्ते खेळत बसलेली असताना दारात व्हायकाउंट लाँगव्हिल या नावाची वर्दी दिली जाते. भाऊ आणि वडील वारल्यामुळे तो आता खरोखरच पीअर झालेला आहे. तिचे लक्ष उडते, हातून पान पडते आणि समोरचे बिशप शांतपणे म्हणतात : बाईसाहेब, तुम्ही आत्ताच बदामाचा राजा टाकलात, मी जिंकलो.

स्तांदालच्या 'ल रूज ए ल न्वार' (१८३०) मध्ये बाप तिसरीच युक्ती काढतो. मार्की द ला मोलला मुलगी डचेस व्हायला हवी होती. ती लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्याच्या मुलापासून, ज्युलियाँपासून, गरोदर राहते. मुलगी खाली उतरू नये म्हणून मग जावयालाच वर उचलले जाते : घोडदळातले लेफ्टनंटपद आणि द ला व्हेर्ने हे बनावट सरदारी नाव.

१०. गोरिओच्या मुली कृतघ्न आहेत, एवढेच ना? त्यात समजून घेण्यासारखे काय आहे?

सर्वांत जास्त पत्रे या प्रश्नाची येतात, आणि बहुतेकांत मुलींना शिव्याच असतात. मुली निर्दोष आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण बाल्झाकने दोष एका जागी ठेवलेला नाही.

गोरिओ हा शेवयांचा व्यापारी, क्रांतीच्या काळातल्या धान्यटंचाईत गबर झालेला. त्याने थोरली आनास्तासी काउंट द रेस्तोला दिली, धाकटी देल्फीन नुसिंगेन या बँकरला. किती दॉत दिली? डचेस द लांजे पाच-सहा लाख म्हणते, मरणशय्येवरचा बाप प्रत्येकी जवळजवळ आठ लाख म्हणतो. लोकांच्या तोंडचा आकडा आणि बापाच्या तोंडचा आकडा यांतला हा फरक मला फार बोलका वाटतो. लग्ने नेपोलियनच्या काळात झाली, तेव्हा असा सासरा चालत होता. बूर्बों परतल्यावर क्रांतीच्या दिवसांत पैसा केलेला पिठाचा व्यापारी दिवाणखान्यात बसलेला दोन्ही जावयांना खुपू लागला. मुलींनी बापाला मागच्या दाराने बोलवायला सुरुवात केली आणि बापाने ते मान्य केले.

त्यानंतरची उतरण बाल्झाक खाणावळीच्या जिन्यावर दाखवतो. गोरिओ आधी वर्षाला बाराशे फ्रँक भरून चांगल्या खोल्यांत राहतो, मग नऊशेची खोली वरच्या मजल्यावर, मग त्याहून वर महिना पंचेचाळीस फ्रँकांत. मजला जितका वर तितकी ऐपत खाली. एका रात्री रास्तिन्याक किल्लीच्या भोकातून पाहतो तर म्हातारा मुलामा दिलेले चांदीचे ताट-वाडगे दोरीने आवळून पिळतो आहे, मोड म्हणून विकण्यासाठी. शेवटी आनास्तासीला नाचाला जायचा जरतारी पोशाख हवा असतो, शिवणारीण हजार फ्रँक आधी मागते; बाप काटे-चमचे सहाशेला विकतो आणि आपली वर्षाची तनख्याची रक्कम चारशेला गहाण टाकतो.

आता मुलींची बाजू. देल्फीनची दॉत नवऱ्याने आपल्या सट्ट्यात गुंतवली आहे आणि तिच्या हातात खर्चालाही पैसे नाहीत. आनास्तासीने प्रियकराचे कर्ज फेडायला घराण्याचे हिरे विकले, ते नवऱ्याला कळले आणि त्याने तिच्या मालमत्तेवर सह्या मागितल्या. दोघी नावापुरत्या श्रीमंत, प्रत्यक्षात नवऱ्याच्या परवानगीवर जगणाऱ्या. मरताना गोरिओ स्वतःच म्हणतो की पैसा हातचा सोडला नसता तर दोघी आज इथे असत्या. त्याचे हे म्हणणे चूक आहे असे बाल्झाक कोठेही सुचवत नाही. अंत्ययात्रेला रेस्तो आणि नुसिंगेन यांच्या कुलचिन्हांच्या दोन गाड्या पेर-लाशेझच्या दफनभूमीपर्यंत येतात. दोन्ही रिकाम्या.

११. 'युजेनी ग्रांदे' मध्ये मुलीला कोंडून ठेवणारा बाप एकाएकी विरघळतो कसा?

विरघळत नाही, सल्ला घेतो. बाल्झाकच्या या कादंबरीतला ग्रांदे हा सोमूर गावचा पिंप बनवणारा म्हातारा मुलीला दर वाढदिवसाला एखादे दुर्मीळ सोन्याचे नाणे देतो आणि अधूनमधून ती पाहायला मागतो. साधारण सहा हजार फ्रँकांची ही नाणी तिने चुलतभाऊ शार्लला दिली, हे कळल्यावर तो तिला खोलीत कोंडून पाव आणि पाण्यावर ठेवतो. त्या धसक्याने बायको अंथरूण धरते. तेव्हा नोटरी क्रुशो येऊन दाखवून देतो की नवरा-बायकोची मिळकत सामाईक आहे; बायको वारली की तिच्या वाट्याची वारस युजेनी, आणि तिने मागणी केली तर सर्व मालमत्तेची मोजदाद करून वाटणी करावी लागेल. म्हाताऱ्याला एवढे पुरते. तो मुलीशी गोड बोलू लागतो आणि आईचे निधन होताच तिच्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतो, बदल्यात महिना शंभर फ्रँक कबूल करून. ती वाचून न पाहता सही करते.

मराठी वाचकाला वडिलोपार्जित जमिनीत बहिणींची हक्कसोडपत्रे परिचित आहेत, त्यामुळे या प्रसंगाला टीप लागत नाही, असा माझा अनुभव आहे. युजेनीचे पुढचे लग्न मात्र वेगळेच प्रकरण आहे : ती नवऱ्याला आधीच अट घालते की हा संसार नावापुरता राहील, आणि तेहतिसाव्या वर्षी अफाट धनाची विधवा होते.

१२. इतके हाल होते तर या बायका घटस्फोट का घेत नाहीत?

कारण बराच काळ तो नव्हताच. क्रांतीने १७९२ मध्ये घटस्फोट दिला, १८०४ च्या संहितेने तो अवघड केला, १८१६ मध्ये राजवटीने रद्द केला आणि १८८४ मध्ये तो परत आला. मधल्या ६८ वर्षांत न्यायालयीन विभक्तता मिळू शके, पण पुनर्विवाह नाही. जॉर्ज साँद या लेखिकेने १८३६ मध्ये अशीच विभक्तता मिळवली. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हे कलम तर १९३८ पर्यंत कायद्यात होते.

सनावळी लक्षात ठेवण्याचा उपयोग असा की एम्मा बोव्हारीला जी वाट बंद होती ती मोपासाँच्या 'बेल-आमी' (१८८५) मध्ये उघडलेली दिसते. पत्रकार दुरुआ पोलीस घेऊन बायकोला मंत्र्यासोबत पकडतो, नव्या कायद्याने मोकळा होतो आणि आपल्या वृत्तपत्राच्या मालकाच्या मुलीला, सुझानला, पळवून नेतो. मुलीची अब्रू गेली की आईबापांची परवानगी (प्रश्न ६) मिळणारच, हे त्याला पक्के ठाऊक आहे. नव्या कायद्याचा पहिला लाभ कादंबरीत एका लफंग्याला मिळतो!

१३. लग्नाआधी दिवस गेले तर?

पुरुषावर बोट ठेवता येत नसे. बाप कोण याचा न्यायालयात शोध घेण्यास संहितेने बंदी घातली होती आणि ती १९१२ पर्यंत टिकली. मग पैशाने नवरा शोधला जाई. मोपासाँच्या 'यून व्ही' (१८८३) मध्ये नायिका जान्नच्या नवऱ्यापासून मोलकरीण रोझालीला मूल होते. तिला वीस हजारांचे शेत देऊन एक गडी नवरा म्हणून मिळवतात, आणि तो गडी सौद्याची घासाघीस करतो. झोलाच्या 'ला क्युरे' मध्ये जुन्या, प्रतिष्ठित न्यायाधीशाच्या घरातली रने बलात्कारातून गरोदर राहते आणि भरभक्कम दॉतीसह साकार या सट्टेबाजाला दिली जाते. मोलकरीण असो की न्यायाधीशाची मुलगी, व्यवहार तोच. आकड्यात फक्त शून्ये वाढतात.

१४. कोझेत तर अनौरस आणि अनाथ. तिचे लग्न इतक्या थाटात कसे होते?

ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) मधला हा अपवाद कागदपत्रांवर उभा आहे. तिला वाढवणारा, खोट्या नावाने वावरणारा जुना कैदी जाँ व्हालजाँ तिला फोशलव्हाँ घराण्यातली मुलगी म्हणून उभी करतो आणि जमिनीत पुरलेले ५,८४,००० फ्रँक तिची दॉत म्हणून पुढे ठेवतो. आकडा ऐकल्यावर वराकडच्या मंडळींना कुळाची चौकशी फार लांबवावीशी वाटत नाही. व्हालजाँ स्वतः मात्र खोटी सही करू इच्छित नाही. १६ फेब्रुवारी १८३३ ला लग्न लागते तेव्हा त्याचा अंगठा चिरडल्याचे सांगून हात झोळीत बांधलेला असतो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी सही करतो.

१५. नाव आणि रक्त यांचा काहीच संबंध उरत नाही, असे एखादे टोकाचे उदाहरण आहे का?

मार्सेल प्रूस्तच्या 'आ ला रशेर्श दु तां पेर्दु' या महाकादंबरीच्या उत्तरार्धात दोन लग्ने एकदम येतात. व्हेनिसहून परतताना आगगाडीत निवेदक आणि त्याची आई आपापली पत्रे उघडतात. एका पत्रात बातमी अशी की स्वानची मुलगी जिल्बेर्त सरदार सँ-लूशी लग्न करते आहे. बापाच्या मृत्यूनंतर आईच्या दुसऱ्या नवऱ्याने दत्तक घेतल्याने ती आता मादमुआझेल द फोर्शव्हिल झाली आहे आणि ज्यू बापाचे नाव ओठांवर येऊ देत नाही. दुसऱ्या पत्रात कांब्रमेर घराण्याच्या मुलाचे लग्न 'मादमुआझेल दोलोराँ' शी ठरल्याचे कळते. ही कोणी राजकन्या नाही. ती बंडी शिवणाऱ्या ज्युपियाँ शिंप्याची पुतणी आहे, आणि बॅरन द शार्लुसने तिला दत्तक घेऊन आपल्या घराण्याची एक पदवी दिली आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती विषमज्वराने जाते, आणि शिवणकाम करणाऱ्या त्या मुलीच्या मृत्यूच्या छापील पत्रिकेवर युरोपातल्या बड्या बड्या घराण्यांची नावे शोकाकुल आप्त म्हणून ओळीने येतात.